उतरत्या हाडाची कुत्री

कुत्रीनं मागचा पाय उचलून धरला, त्या दिवशी आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो हा की, कुणी मारलं? दुखतंय का तिला, हे कुणी विचारलं नाही. भाऊ म्हणाला, शेजारच्यांच्या गाडीनं धक्का दिला असणार. भावजय म्हणाली, गल्लीतली पोरं दगडं मारतात. समोरच्या म्हाताऱ्या काकू तर उंबऱ्यात उभं राहूनच बोलल्या, "दृष्ट लागली गं माय. काळी कुळकुळीत, अंगानं भरलेली. लोकांचे डोळे काय चांगले असतात का?" आमच्याकडं असंच आहे. काही मोडलं की आधी गुन्हेगार हुडकायचा, औषधाचं नंतर बघू.

मी नांदेडात ब्लाउज शिवते. भावाच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. लग्न झालेलं नाही, का झालं नाही ते येईलच पुढं. भाऊ माझ्याहून लहान, मला अक्का म्हणतो. ही लॅब्राडोर कुत्री त्यानंच पिल्लू असताना आणली होती, शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याजवळ राखणीला. राखण कसली डोंबलाची! चोर आला तर आधी शेपूट हलवील, मग धान्याची कोठी कुठं आहे ते दाखवील, अशातली ती. एक हंगाम आखाड्यावर काढून घरी आली आणि माझ्या शिलाई मशीनच्या पायथ्याशी पसरली ती पसरलीच. गिऱ्हाईक बायका तिला ओलांडून माप द्यायला उभ्या राहायच्या.

तिचा पाय दुखायला लागल्यावर सल्ला द्यायला मात्र अख्खी गल्ली लोटली. काकूंनी बिब्बा आणून दिला, तापवून गुडघ्याला लाव म्हणाल्या. मी तो त्यांच्याच पदरात परत घातला. भावाचा एक दोस्त म्हणाला, "विळा लाल करा अन् गुडघ्यावर एक डाग द्या. आमच्या बैलाला दिला व्हता, आठ दिवसांत पळायला लागला."

"आण की विळा," मी म्हटलं. "आधी तुझ्या गुडघ्याला देऊन बघू, तू पळतोस का."

तो पुन्हा दुकानाच्या दारात उभा राहिला नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आराम सांगितला. थोडं बरं वाटलं, पुन्हा पाय वर. चालताना नुसता बोटांचा शेंडा टेकवायची. बसायची तेव्हा तो पाय मांडीखाली घ्यायचीच नाही, बाजूला फेकून द्यायची, जणू काही तो पाय तिचा नव्हेच. दारात कुणी आलं की पूर्वी धावत जायची. आता उठायची नाही, नुसती शेपटी फरशीवर आपटायची. मला ते बघवत नव्हतं. सरळ सांगते, मशीनवर बसून रडले मी, आणि कुणाच्या तरी लग्नाच्या ब्लाउजवर डाग पडला तो वेगळाच. शेवटी डॉक्टरच म्हणाले, हे मुरगळणं नव्हे, लातूरला जनावरांच्या हाडांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवा.

भाऊ लगेच तयार झाला. एवढा लगेच की तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला पाहिजे होती. हा माणूस बायकोला दवाखान्यात न्यायचं तर चार दिवस "बघू, बघू" करतो. लोहा गावाच्या पुढं गेल्यावर गाडी चालवता चालवता त्यानं पोतडी सोडली. चांगल्या कुत्रीचं पिल्लू आमच्याकडं विकत नाहीत, शब्दावर देतात. पिल्लू पोटात यायच्या आधीच ते कुणाचं हे ठरलेलं असतं, आणि दिलेला शब्द फिरवणं म्हणजे भर चौकात नाक कापून घेणं. भावानं असे शब्द वाटून ठेवले होते, आणि पहिला शब्द दिला होता माझ्या भाचीसाठी, त्याच्याच लेकीसाठी, जे स्थळ चाललं होतं त्या मुलाच्या बापाला. सोयरीक अजून सुपारीपर्यंत आली नव्हती, पण पिल्लापर्यंत पोचली होती.

"तेवढा पाय बरा झाला की काम झालं, अक्का," तो म्हणाला. "पुढच्या माजाला नर बघून ठिवलाय मी."

कुत्रीचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

लातूरच्या डॉक्टरीणबाई तरुण, किरकोळ अंगाच्या, बाह्या दुमडलेल्या. गाडीतून उतरवल्या उतरवल्या म्हणाल्या, "जरा चालवून दाखवा तिला."

माझं डोकंच फिरलं. त्यांचा काही दोष नव्हता, पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

माझे गुडघे आत वळलेले आहेत. उभी राहिले की गुडघे एकमेकांना टेकतात आणि पावलं लांब राहतात. लहानपणापासून तसंच. त्यानं माझं काही अडलं नाही, मी पळाले, चिंचेवर चढले, डोईवर पाण्याच्या घागरी वाहिल्या. अडलं ते बघायला पाहुणे यायला लागल्यावर. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, मग कुणीतरी मिशीतल्या मिशीत म्हणायचं, "पोरी, जरा चालून दाखव." भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. एका बाईनं तर माझ्या साडीचा काठ वर करून घोटे बघितले. नंतर निरोप यायचा, "पोरगी गुणाची हाय, पण हाडात खोट हाय. उद्या लेकरं बी तशीच निपजायची." हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी एका बैठकीत चालून दाखव म्हटल्यावर मी नवऱ्या मुलाला म्हणाले, "आधी तुम्ही चालून दाखवा." माझ्या बापाचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. त्यानंतर पाहुणे यायचेच बंद झाले आणि मी शिलाईचं मशीन घेतलं. सुटले बाई, असं तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं.

तर डॉक्टरीणबाईंना मी काहीतरी तिखट बोलणारच होते. पण त्या उकिडव्या बसून कुत्रीच्या बाजूनं चक्क सरकत सरकत चालायला लागल्या. तिचं पाऊल पडलं की त्यांची मान हलायची. तेव्हा कळलं की ही बाई नाकारायला बघत नाही, कुठं दुखतंय ते शोधून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्याचा मला राग आला नाही.

मग भुलीचं इंजेक्शन दिलं. कुत्री ढिली पडल्यावर बाईंनी एका हातात तिची मांडी धरली, दुसऱ्या हातात खालची नळी, आणि मला म्हणाल्या, बोट ठेवा इथं. नळीचं हाड माझ्या बोटाखाली पुढं सरकलं, मशीनचा खण ओढावा तसं. हाडाचा फोटो काढल्यावर त्यांनी तो काचेवर लावला आणि पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढली.

"हे वरचं मांडीचं हाड. ते या खालच्या नळीच्या हाडावर टेकतं. सगळ्याच कुत्र्यांत नळीचा माथा थोडा मागं उतरता असतो, हिचा फारच उतरता आहे. वजन पडलं की मांडीचं हाड उतारावरून मागं घसरतं आणि नळी पुढं जायला बघते. तिला मागं ओढून धरायला गुडघ्यात एक दोरी असते, लिगामेंट. हिची दोरी पावलापावलाला ताण खात आली आणि तुटली."

"पण मारलं कुणी?" भावानं विचारलं. त्याच्या डोक्यातून ते जातच नव्हतं.

"कुणीच नाही. एका दिवसात तुटलेली नाही ती. धागा धागा झिजत आलीय." मग थांबून म्हणाल्या, "उतार हेच एकटं कारण नसतं बरं का. असाच उतार असून कुत्री जन्मभर धडधाकट राहिलेली बघितलीत मी. वय असतं, वजन असतं, रक्तातून येणारं असतं. हिला खायला कोण घालतं?"

"मी."

"निम्मं करा."

मी उलटून बोलले नाही. माझ्या बाबतीत हीसुद्धा एक घटनाच आहे.

ऑपरेशन काय ते त्यांनी सांगितलं. नळीच्या हाडाचा माथा गोलाकार कापायचा, थोडा फिरवायचा, उतार कमी झाला की पट्टी आणि स्क्रू लावून पक्का करायचा. मग दोरी नसली तरी हाड घसरत नाही. भावाला काही ते कळेना, पण मला तिथल्या तिथं कळलं. माझ्याकडं एक खांदा उतरता असलेली बाई येते तेव्हा मी खांद्याला नावं ठेवत नाही, काप बदलते. आणि सांगून ठेवते, इतकी वर्षं झाली, माझ्या टेबलापाशी सरळ अंगाची एकही बाई अजून आलेली नाही.

"आणि हिच्यापासून पिल्लं घेऊ नका," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "ही ठेवण पिल्लांत उतरण्याचा धोका आहे. नसबंदीही करून घ्या."

भावाचा चेहरा पडला. "मॅडम, ऑपरेशन जरा मागं ढकललं तर? एक वेत होऊ द्या आधी."

"या पायावर पोटाचं ओझं? तिचे हाल होतील. आणि अशा कुत्र्यांचा दुसरा गुडघाही बऱ्याचदा जातो."

"आम्ही बाहेर बोलून येतो," भाऊ म्हणाला आणि मला लिंबाखाली घेऊन गेला. तिथं त्यानं हळू आवाजात सुरू केलं, "अक्का, बाहेरून कुठं काय दिसतंय? पिल्लं गोंडसच होतील. आतल्या हाडाचं कुणाला कळणार हाय? एकदा पिल्लू त्यांच्या दारात गेलं की आपली पोरगी बी सुखानं जाईल. शब्द दिलाय गं मी."

बाईंचं वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं. ठेवण उतरते. अरे, हेच तर माझ्याबद्दल म्हणाले होते लोक! लेकरं बी तशीच निपजायची. ज्या वाक्यानं बैठकीबैठकीत माझी इतकी शोभा केली, तेच आता मी माझ्या तोंडानं या मुक्या जिवाबद्दल म्हणायचं? क्षणभर वाटलं, होऊ दे की तिला पिल्लं, कोण मी अडवणारी. माझं अडवलं तेव्हा किती जळफळाट झाला होता माझा.

आणि मग भावाकडं बघितलं. तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभा होता, आणि दवाखान्याच्या काचेआड ती तंगडी फेकून पडलेली. एकदम लख्ख दिसलं मला. माझं हाड दिसलं म्हणून मला नाकारलं, आणि हिचं हाड दिसत नाही म्हणून हिला वापरणार. दोन्ही वेळेला हिशेब बैठकीतल्या माणसांच्या इज्जतीचा. ज्या पायावर आयुष्य काढायचं त्या पायाच्या मालकिणीला इथं विचारतंय कोण? दुखणार तिला, तिच्या पिल्लांना. शब्द मात्र याचा.

"ऐक," मी म्हटलं. "तिच्यात खोट न्हाई, काही कमी न्हाई. पण तुझ्या शब्दासाठी ती या पायावर पोट वाहणार न्हाई. आज ऑपरेशन होतंय, आणि नसबंदी बी होतीय."

"अन् व्याह्याला काय सांगू?"

"सांग, अक्कानं मोडलं. माझ्या नावावर मोडलेल्या सोयरिका हायत की आधीच्या. त्यात आणखी एक."

"अक्का, तू डोक्यावर पडलीस का?"

"पडले असते तर गुडघ्यावर पडले असते. चल आत."

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुत्री कुणाची? मी म्हटलं, माझी. भावानं मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही.

घरी आणताना भाऊ फुगलेलाच होता. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा माझ्यासाठी चहा सांगायचा विसरला, मुद्दाम. कुत्रीसाठी मात्र पाण्याची बाटली घेऊन आला आणि तळहातात ओतून पाजलं तिला.

त्यानंतरचे दिवस ती माझ्या दुकानात बांधलेली. उडी नको, पायऱ्या नको, फरशीवर घसरायला नको म्हणून मी सगळ्या दुकानभर जुनी सतरंजी अंथरली. जुन्या परकराची झोळी शिवली, तिच्या पोटाखालून घालायची आणि मागचं अंग तोलून धरायचं. मोठ्या दिमाखात शिवली, काठाला उरलेली पैठणीची पट्टीही लावली. गल्लीत बायका हसल्या. "कुत्रीला ऑपरेशन! आमच्या सासूचे गुडघे गेले, तिला कुणी लातूर दाखवलं न्हाई." मी म्हटलं, "मग दाखवा की. कुणी अडवलंय?"

पुढं झोळी सुटली, नुसता पट्टा राहिला. रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश फेरी. पुढं ती लंगडत, मागं मी गुडघे घासत. पोरं आमच्या चालीची नक्कल करायची. मी ओरडायची, "नक्कल करता तर नीट करा रे, गुडघे आत घ्या आधी!" डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी ती पाय बाजूला न फेकता मुडपून नीट बसेल, त्या दिवशी मला फोन करा. मी रोज बघायची. रोज पाय बाहेर.

आणि मग एका रविवारी भाचीला बघायला ती मंडळी आली. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. आता कुणी चालून दाखव म्हणत नाही, तेवढी सुधारणा झालीय. आता म्हणतात, "बाळ, जरा आतून पाणी आणतेस?" भाची पाणी आणायला गेली, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या पावलांमागं गेले. मी दुकानाच्या दारातून बघत होते, गळ्यात टेप तशीच. कुत्री माझ्या पायाशी.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि भावाला हसत विचारलं, "बरं, आमचं पिल्लू कवा?"

भाऊ लाल झाला. त्यानं अजून सांगितलंच नव्हतं! मला काय त्याचा राग आला म्हणता. मी पुढं झाले आणि सांगून टाकलं, "पिल्लं होणार न्हाईत. तिच्या गुडघ्याच्या हाडाला उतार हाय, ते पिल्लांत जाऊ शकतं. पायाचं ऑपरेशन झालं, नसबंदी बी झाली. मी करवली."

"असं व्हय," ते म्हणाले. वाईट वाटलेलं त्यांनी दाखवलं नाही, माणूस तसा वाईट नव्हता. गमतीतच म्हणाले, "मंग आता ठेवली कामून तिला?"

भावजयीनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली. तेवढ्यावरून मला कळलं की फक्त मीच नव्हे, सगळ्या घरानं तो प्रश्न ऐकला होता. इतकी वर्षं या घरात मला तो कुणी तोंडावर विचारला नाही. पण तो माझ्या ताटाशेजारी तांब्यासारखा रोज ठेवलेला असायचा. लग्न नाही, लेकरू नाही. मग ठेवली कामून, कशासाठी? माझ्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं.

भाऊ माझ्या आधी बोलला.

"ठेवली न्हाई," तो म्हणाला. "राहती ती. घर तिचं हाय."

हे म्हणताना तो कुत्रीकडं बघत नव्हता.

माझे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी त्या माणसांसमोर उभं राहणं मला जमणार नव्हतं. तिच्या फेरीची वेळ झालीच होती. मी पट्टा घेतला. दुकानाच्या दारानंही जाता आलं असतं, पण नाही, बैठकीतूनच निघाले. या भिंतीपासून त्या दारापर्यंत, सोफा आणि टीपॉय यांच्या मधून, सावकाश. तिची नखं फरशीवर टकटक वाजत होती, माझे गुडघे एकमेकांना घासत होते. साडीचा काठ मी मुद्दाम थोडा वर धरला. बघा म्हटलं, पोटभर बघून घ्या.

गल्लीच्या टोकाला पोचलो तोवर मागून चपलांचा आवाज आला. भाची, काठपदराची साडी सावरत पळत येत होती.

"आत्या, मी न्हाई म्हणून आले."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, ज्या घरात 'ठेवली कामून' विचारतात, तिथं मला जायचं न्हाई."

"अगं येडे, गमतीनं बोलला तो माणूस!"

"मी बी गमतीनंच मोडली," ती म्हणाली. तिला धाप लागली होती, आणि हसूही येत होतं.

मी तिला रागावणार होते. खरंच रागावणार होते, कारण आता घरी काय गोंधळ चालला असेल ते मला दिसत होतं. भाऊ, भावजय, दारातून काढता पाय घेणारे पाहुणे, आणि शेवटी सगळं माझ्या माथी. तेवढ्यात भाचीनं माझा हात धरला. "आत्या, ती बघ."

कुत्री बसली होती. नाल्याच्या कट्ट्याशेजारी, पाय पोटाशी मुडपून, दोन्ही गुडघे सारखे. मी खाली वाकले, हात लावून खात्री करून घेतली. पाय आतच होता. फोन करायला हवा होता, पण तो दुकानातच राहिला होता.

"चल घरी," मी म्हटलं. "सगळे वाट बघत असतील."

"बघू दे," भाची म्हणाली.

खरं होतं तिचं. कुणाला चालून दाखवायचं राहिलं नव्हतं. आम्हीही कुत्रीशेजारी कट्ट्यावर बसलो.